वयाची रिकामी जागा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, चष्म्याच्या दुकानातली विक्रेती, वय वर्षे ______, राहणार दुसरा मजला, जिन्यालगतचे घर, आज पूर्ण शुद्धीत, समजून उमजून आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता, माझ्या मागे काय कोणाला मिळावे हे स्वहस्ते लिहून ठेवत आहे. येत्या शुक्रवारी माझ्या पोटातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचे काही कारण नाही. ज्याच्या पोटात गाठ नसते त्याला असे म्हणणे सोपे जाते.

"कोणाच्याही दडपणाखाली न येता" हे शब्द वकीलबाईंचे, मी नुसते उतरवून घेतले. जन्मतारीख सांगताना मी अडखळले तशी त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "ओळखपत्रावर काहीही असू दे, इथे मात्र खरं लिहा. पहिल्याच ओळीत खोटं निघालं, तर पुढच्या ओळींवर कोण विश्वास ठेवील?" मी मान डोलावली. घरी येऊन लिहायला बसले आणि त्याच जागी हात अडला. म्हणून ती जागा तूर्त सोडली आहे. बाकीचे आधी उरकते.

कलम १. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझ्या यजमानांना मिळावा आणि त्यांच्यानंतर आमच्या मुलीला. बाथरूममधल्या आरशावरचा पिवळा, मिणमिणता दिवा मी मुद्दाम लावलेला आहे, तो माझ्यामागे काढून टाकावा. त्या उजेडात माझा चेहरा मला सोसवतो. यजमानांनी मात्र तीस वर्षे अंदाजाने दाढी केली आणि कितीदा तरी गाल कापून घेतला. दर वेळी ते ब्लेडला शिव्या देत आणि मी गप्प बसे.

कलम २. बँकेतली माझी शिल्लक मुलीला द्यावी. तिने ती चेहऱ्यावर घालवू नये अशी अट टाकणार होते, पण वकीलबाई म्हणतात की असली अट टिकत नाही. तेव्हा ही विनंती समजावी. मुलगी अठ्ठावीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात जेवता जेवता म्हणाली, "आई, कपाळावर आठ्या पडू नयेत म्हणून आत्तापासूनच सुया घेतात. ऑफिसात सगळ्याजणी घेतात." मी तिला विचारले, खूप दुखतं का. कशाला घेतेस, असे विचारायला हवे होते, पण ते मला सुचलेच नाही. हे ती कोणाकडून शिकली ते मला ठाऊक आहे.

कलम ३. माझे काही बरेवाईट झाल्यास, माणसे भेटायला येण्याच्या आत मुलीने माझ्या भांगातल्या पांढऱ्या मुळांना रंग लावावा. डबा कपाटात खालच्या खणात, चादरींच्या मागे आहे. हातमोजे घालावेत. इस्पितळात आठ दिवस रंग लावू देणार नाहीत, हे कळल्यापासून मला झोप नाही. गाठीचे नाव काढले की छातीत धडधडते हे खरे, पण भांगाचे नाव काढले की जास्त धडधडते. हे मी इथे लिहू शकते, कारण हे वाचतील तेव्हा मी समोर नसेन.

कलम ४. दुकानाच्या मालकांना काहीही देऊ नये. एकतीस वर्षांपूर्वी त्यांनी जाहिरात दिली होती, "काउंटरसाठी मुलगी पाहिजे, प्रसन्न चेहरा, वय पंचवीस ते तीस." मी तेहतीस वर्षांची होते, वडील नुकतेच गेले होते आणि घर मला चालवायचे होते. मी सव्वीस सांगितले. शाळेचा दाखला घर बदलताना हरवला म्हणाले. तो हरवलेला नाही, शिवणयंत्राच्या खणात आहे. पुढे माझ्या डोळ्यांखाली सुरकुत्या दिसू लागल्या तेव्हा याच मालकांनी मला मागच्या टेबलावर काचा पुसायला बसवले, "पुढे जरा मुलींना बसू दे" म्हणाले. माझ्याहून थोराड आणि टकला विक्रेता पुढेच राहिला, कारण तो अनुभवी होता. हे कलम मालकांना वाचून दाखवावे, आणि मोठ्याने, कारण त्यांना हल्ली कमी ऐकू येते.

कलम ५. दुकानात डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांना माझा वाचायचा चष्मा परत द्यावा. सांगितलेल्या वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला फ्रेमवरच्या चिठ्ठ्या दिसेनाशा झाल्या. मी सगळे भाव पाठ केले आणि तसे वर्षभर रेटले. एक दिवस त्यांनी मला खुर्चीत बसवले, काचा बदलून पाहिल्या आणि दार लोटून घेऊन म्हणाले, "हा जवळचा नंबर पंचेचाळिशीचा आहे. केसांना रंग लावता येतो हो, नंबराला नाही लावता येत." त्यांनी चष्मा करून दिला, पाकिटावर माझे नाव घातले नाही आणि आजतागायत कोणाला एका शब्दाने सांगितले नाही. त्यांना साक्षीदार व्हायची विनंती केली आहे; चष्म्याचे पैसे त्यांनी घेतले नव्हते, तेव्हा तो परत करणे हे देणे धरू नये.

कलम ६. माझ्या सोन्याच्या दोन्ही बांगड्या माझ्या बहिणीला मिळाव्यात.

इथे दोन दिवस थांबले होते. आता लिहिते. बहीण माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे. मी सात वर्षे खाली उतरले तेव्हा ती आपोआप माझ्याहून तीन वर्षांनी मोठी झाली. यजमान मला बघायला आले त्या दिवशी मी तिला स्वयंपाकघरात हाताला धरून सांगितले, "आजपासून लोकांसमोर तू माझी ताई." ती तीस वर्षांची होती. जन्मापासून मला ताई म्हणत आलेली मुलगी, ट्रे उचलून बाहेर गेली आणि माझी थोरली बहीण होऊन बसली. मग धाकटीचे आधी कसे जमले, थोरलीत काही खोट आहे का, हे सगळे तिने ऐकून घेतले.

ती शाळेच्या ग्रंथालयात होती. केस लवकर पिकले. अडतिसाव्या वर्षी एकदा रंगाचा पुडा घेऊन माझ्याकडे आली. शाळेतले गाण्याचे मास्तर रोज एक पुस्तक नेत आणि न वाचता परत आणत, असे सांगून हसली. "लावून देतेस का? मला मागचं दिसत नाही." मी म्हणाले, "अगं, तू माझी मोठी बहीण ना? तू काळीभोर झालीस तर लोक माझ्याकडे निरखून बघतील." तिने पुडा पिशवीत परत ठेवला आणि मुलीचा अभ्यास कसा चाललाय ते विचारले. पुढच्या वर्षी मास्तरांचे लग्न झाले, दुसरीकडे. केसांमुळे झाले की कसे, ते मी विचारलेले नाही. अजूनही धीर होत नाही. मला याची लाज वाटते, आणि बांगड्यांनी ती फिटणार नाही हेही मला कळते.

पुरवणी. मंगळवारी बहिणीला बोलावून सहावे कलम वाचून दाखवले. तिने डोळे पुसले नाहीत की मला जवळ घेतले नाही. कागद हातात घेऊन विचारले, "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना?"

"नाही."

"मग बांगड्या खोड. त्या घालून मी कुठे जाणार आहे? मला सही करायची आहे. साक्षीदाराला वय लिहावं लागतं, नातंही लिहावं लागतं." मग म्हणाली, "आणि भूल देणाऱ्यांना खरं वय सांगितलंस का? नसेल तर आत्ता फोन लाव. मी समोर बसते."

मी फोन लावला. पलीकडच्या बाईंनी दोनदा विचारले, तेव्हा कुठे सांगितले. त्यांनी आकडा बदलला, बरं म्हणाल्या आणि सकाळी उपाशीपोटी यायला सांगितले. एवढेच झाले.

सबब कलम ६ रद्द. बांगड्या मुलीला द्याव्यात. कलम ३ सुद्धा रद्द समजावे. होय, रद्द.

काल संध्याकाळी यजमानांना कलम १ आणि कलम ४ वाचून दाखवले. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"म्हणजे तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठी."

"हो."

"आणि मी तीस वर्षं म्हणत आलो, तू लहान आहेस, तुला नाही कळायचं."

"हो."

त्यानंतर ते माझ्याशी बोललेले नाहीत. आज सकाळी मी बाथरूममध्ये गेले तर आरशावर पांढरा लख्ख दिवा होता. तो रागाने लावला की कसा, मला समजत नाही. उद्या ते इस्पितळात येतील का, हेही विचारलेले नाही. मी त्या दिव्याखाली पुष्कळ वेळ उभी राहिले. कपाळ हुबेहूब आईच्या कपाळासारखे दिसले. ते इतकी वर्षे माझ्याकडे होते, हे मला माहीत नव्हते.

पहिल्या ओळीत सोडलेली जागा फार अपुरी पडते आहे, म्हणून इथे अक्षरी लिहिते. वय वर्षे चौसष्ट. ओळखपत्रावर सत्तावन्न आहे, ते माझ्या सांगण्यावरून पडलेले आहे आणि त्यात दुसऱ्या कोणाचा दोष नाही. यातील मजकूर मी चष्मा लावून वाचला, तो बरोबर आहे.

स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: १४, गुरुवार, शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी

लिहून ठेवणारीची सही: (केली)

साक्षीदार १: (सही) डोळे तपासणारे डॉक्टर, वय ७०. नाते: एका दुकानातले सहकारी.

साक्षीदार २: (सही) निवृत्त ग्रंथपाल, वय ६०. नाते: धाकटी बहीण. ताईने या कागदावर माझ्यासमोर सही केली.