राहुल तीन

प्रिय बाबा,

तीन महिने तुमचा फोन कपाटात बंद पडून होता. आज सौंसरच्या घरी एकटाच आलोय. फोन चार्जिंगला लावला आणि त्यात जे दिसलं, ते सांगायला आता दुसरं कुणी नाही. आई असती तर तिच्याजवळ बसून बोललो असतो. म्हणून तुम्हालाच लिहितो.

आधी जुनं भांडण काढू द्या. नाव ठेवायला तुम्हाला राहुलच सापडलं? आपल्या वस्तीत दर दुसऱ्या घरी एक राहुल, बुद्धाच्या मुलाचं नाव म्हणून. पलीकडच्या संत्र्यांच्या बागवाल्यांकडेही राहुल, नुसतं छान वाटलं म्हणून! तुमच्याच चौथीच्या वर्गात आम्ही तिघं होतो आणि तुम्ही गुरुजींच्या कोरड्या आवाजात हजेरी घ्यायचात : राहुल एक, राहुल दोन, राहुल तीन. पोटचा मुलगा तीन नंबरला! एकदा मी रागानं ‘हजर’ म्हटलंच नाही. मी समोर बसलेलो असताना तुम्ही माझी गैरहजेरी लावलीत. 

नववीत मी तुम्हाला नावाचा अर्थ विचारला होता, आठवतं?

“राहुल म्हंजे बंधन. पोरगा झाला हे आयकून सिद्धार्थच्या तोंडून निघालं, बंधन जन्मलं. तेच नाव पडलं.”

माझं तोंड एवढंसं झालं. नावांच्या पुस्तकात ‘समर्थ, दुःखावर मात करणारा’ असं काहीबाही छापलं होतं, ते मी पुढे केलं. तुम्ही हसलात.

“ते मागून कोनीतरी गोड करून ठेवलं. बंधनात काय वाईट आहे रे? बंधन नसतं तं शाळा सुटल्यावर मी घरी कायले आलो असतो?”

तेव्हा मला ते पटलं नाही. पुण्याला निघालो तेव्हा तर मुळीच नाही.

पुण्यात आमच्या ऑफिसात आणखी दोन राहुल आहेत. मागून कुणी हाक मारली तरी मी वळत नाही, ती माझ्यासाठी नसतेच. आता बाळांची नावं आरव नाहीतर विहान असतात. राहुल म्हणजे पोट सुटलेले काकालोक! हे तुम्हाला फोनवर सांगायचं होतं. पण फोनच करत नव्हतो ना मी. या रविवारी करू, पुढच्या रविवारी करू, असं करत पाच आठवडे गेले होते.

आणि मग तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी तुम्ही अंगणात पडलात. शेजारच्या कमलाकाकूंनी तुमचा फोन हातात घेतला आणि भराभर नंबर लावले. कंडक्टर राहुल आला, रसवंतीवाला राहुल आला, मेडिकलवाला आला, पांढुर्ण्याहून एक मोटरसायकलवर आला. सगळे तुमचेच विद्यार्थी. त्यांनी तुम्हाला गाडीत घातलं आणि नागपूरच्या वाटेवरच तुम्ही गेलात. मला कळलं ते दुपारी, कंडक्टर राहुलकडून. त्यानं माझा नंबर कुठून कुठून मिळवला होता. मी पोहोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं आणि तुम्ही झाकलेले होतात.

मी काकूंशी तीन महिने बोललो नाही. गावभर फोन लावले, मला सोडून! आज त्या चहा घेऊन आल्या तेव्हा मी विचारलंच. बिचाऱ्या रडायला लागल्या.

“राहुल राहुल करून राहिले होते गुरुजी. मंग मी फोनात जेवढे राहुल होते, सगळ्यायले लावला. तुया नंबर त्यात नव्हताच रे बापू! मले वाटलं, त्यायनं काढून टाकला.”

बाबा, मलाही क्षणभर तेच वाटलं. खोटं कशाला बोलू. मग फोन उघडला. ‘र’मध्ये चार राहुल, प्रत्येकाच्या पुढे त्याचं काम नाहीतर गाव. मी त्यात नव्हतो. शेवटी माझा मोबाइल नंबर टाकून बघितला.

यादीत अशोक गॅसवाल्याच्या लगेच खाली होतो मी. ‘आपला’ म्हणून.

एवढंच. नाव नाही, आडनाव नाही, पुणे नाही. वर्गात सगळ्यांसारखा नुसता नंबर दिलात आणि इथे नाव लिहायचीही गरज वाटली नाही तुम्हाला? एकदा तोंडानं सांगायचं होतंत! मी विचारायला हवं होतं, तेही खरंच. आणि मी अधूनमधून फोन करत राहिलो असतो, तर काकूंना तो नंबर यादीत वरच दिसला असता. दोष त्यांचा नव्हता, फोनचाही नव्हता.

काकूंची माफी मागितली. आता घरात मी एकटा आहे आणि खुंटीवर तुमची टोपी आहे. तुमच्या फोनमधलं माझं नाव तसंच ठेवणार आहे. दर रविवारी त्या चारही राहुलना फोन करीन, शपथ घेऊन सांगतो. पुण्यात कुणी मागून हाक मारली, तर ती माझ्यासाठी नसली तरी वळून बघीन.

आणि त्या दिवशीची हजेरी राहिलीय, गुरुजी. तुम्ही राहुल राहुल करत होतात आणि सगळे आले, मी सोडून. उशीर झाला, पण लावून घ्या. हजर.

आपला,
राहुल तीन