लेकराला घे

प्रिय संघादादा,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठणठणीत आहोत. फोन का नाही केला म्हणशील, तर फोनवर आईचं नाव काढलं की हिमायतनगरची रेंज बरोबर जाते, हा माझा जुना अनुभव आहे. कागदाला रेंज लागत नाही. जपानातून पोचायला त्याला वेळ लागेल, पण एकदा हातात पडला की तुला तो कट करता येणार नाही. आई पुढच्या महिन्यात परत निघते आहे. ती चाकूरच्या घरी एकटीच कुलूप उघडेल आणि तू नेहमीसारखा त्या घराकडे फिरकणार नाहीस, हे मला आत्तापासूनच दिसतं. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मधेच चहाला उठू नकोस.

आधी आईचे पराक्रम सांगते. विमानतळावरच्या साहेबाने तिचा पासपोर्ट परत देताना कमरेत वाकून नमस्कार केला. बुद्धाचा देश म्हणून आई आधीच भारावलेली, ती त्याच्याहून खाली वाकली. मग तो अजून खाली. दोघंही थांबेनात. शेवटी आनंदराजने आपल्या सासूला दंडाला धरून बाजूला घेतलं. इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात. आईने चुकीच्या वारी पिशवी ठेवली, तर गाडीवाले ती तिथेच सोडून वर लाल कागद चिकटवून गेले. तिने तो कागद जपून घरात आणला आणि म्हणाली, "कचऱ्याची बी पावती देऊन राह्यले गं हे लोक!" एकदा पोलीस चौकीसमोर फरसबंदीच्या फटीत घोळीची भाजी उगवलेली दिसली, तर बसून ओटीभर खुडली. पोलीस बिचारा आला आणि शेवटी तोही खाली बसून खुडू लागला.

शेजारी एक म्हातारी राहते, मोरी नावाची. आई पहिल्या दिवशी हसून बेजार झाली. "बाईचं नाव मोरी? मग न्हाणीघराला काय म्हणतेत?" पण आता दोघींचं गूळपीठ आहे. एकीला मराठी येत नाही, दुसरीला जपानी येत नाही, आणि दुपारभर गप्पा चालतात. मोरीआजी माझ्या लेकीला, सांचीला, लाडाने सांची-चान म्हणते, तर आईही तिला तसंच म्हणायला लागली आहे. सांची मात्र आईकडून "लई" आणि होकाराचं "हाव" शिकली आणि बालवाडीत बाईंना म्हणते. बाईंनी मला बोलावून विचारलं, हाव म्हणजे काय.

पण दादा, या घरात आईबरोबर अजून काहीतरी आलं आहे, ते मला आल्या दिवसापासून जाणवत होतं. ती दाराजवळच्या फरशीवरच निजते, दार किलकिलं ठेवून. आनंदराज रोज सकाळी विचारतो, आज चोर आला होता का. इथे जमीन अधूनमधून हलतेच. लोक वर दिव्याकडे बघतात, तो झुलायचा थांबला की जेवायला लागतात. आई आल्यावर पहिला धक्का दुपारी बसला. आधी भूकंपाच्या इशाऱ्याने सगळ्यांचे मोबाइल एकदम केकाटले, मग कपाटातल्या बशा वाजल्या. मी स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत आईने झोपलेल्या सांचीला शालीसकट उचललं होतं आणि अनवाणी जिना उतरून ती खाली गाड्यांच्या जागेत उभी होती. मी पोचले तेव्हा ती शाल उघडून सांचीचं तोंड बघत होती. झाकायची, परत उघडायची, परत बघायची. सांची रडत होती तरी थांबेना. धक्का केव्हाच संपला होता. त्यानंतर रोजच ती झोपलेल्या सांचीचं पांघरूण उचलून बघायला लागली, आणि दादा, मला माझ्याच आईची भीती वाटायला लागली.

मग बालवाडीतून निरोप आला की भूकंपात डोक्यावर घ्यायला प्रत्येक मुलाची जाड, कापूस भरलेली टोपी घरून शिवून पाठवा. मला आनंदच झाला. वाकळ शिवण्यात आईचा हात धरणारी गावात कुणी नव्हती, असं बाबा सांगायचे. दोन जुनी पातळं आणि सुईदोरा तिच्यापुढे ठेवला. तिने हातसुद्धा लावला नाही. "मला वाकळ येत न्हाई आता," म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की गावच्या भूकंपानंतर आपल्या घरात कधी वाकळ नव्हतीच. सोलापुरी चादरी होत्या, बाबांनी आणलेलं घोंगडं होतं. आपण कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही.

त्या पहाटेबद्दल आपण दोघं कधी बोललो नाही. मी पाच वर्षांची, तू नऊ. बाबा कामावर लातूरला. मला आठवते तोंडात गेलेली माती आणि खालून आलेला तो आवाज. बाकीचं सगळं ऐकलेलं. आई अंधारात ओरडली, "संघ्या, लेकराला घे!" आणि तू मला दंडाला धरून फरफटत बाहेर आणलंस. सात महिन्यांचा आपला भाऊ, बारका, आत राहिला. बाबा आले आणि जो दिसेल त्याला विचारू लागले, बारका कुणाजवळ होता, तेव्हा साखराबाई आत्या म्हणाली, "संघ्याला 'लेकराला घे' म्हणलं व्हतं हिनं. त्यो दिपीलाच घेऊन पळाला." आई तिथेच बसून होती. काही बोलली नाही. बाबांनी तुला कधी बोट लावलं नाही, पण त्यानंतर जवळही घेतलं नाही. नोकरी लागली तसा तू हिमायतनगरला गेलास तो गेलासच. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनालाही मंडपात बसून परत फिरलास, घरात पाणी प्यायला नाहीस. आणि मी? मी बारक्याच्या ऐवजी आलेली. माझ्या लग्नात तू माझ्याकडे एकदा असं बघितलंस, की मला वाटलं, याला आत्ता तोच दिसतो आहे. तेव्हापासून तुझ्यासमोर मला माझं असणंच चोरीचं वाटतं.

मागच्या आठवड्यात मोरीआजी आईला जवळच्या विहारात घेऊन गेली, मीही गेले. आवारात दगडाच्या लहान लहान मूर्ती ओळीने मांडलेल्या, गोल चेहऱ्याच्या, सगळ्यांच्या गळ्यात लाल लाळेरं, काहींच्या डोक्यात विणलेलं टोपरं. आईला वाटलं, बाळपणीचे बुद्ध. हरखून गेली, ओणवी होऊन एकेकाचं टोपरं नीट करायला लागली. मोरीआजीने मला सांगितलं आणि मी, मूर्खासारखी, लगेच आईला सांगितलं, की ज्यांचं मूल जातं त्या आया हे बांधतात. आईचा हात एका टोपऱ्यावर तसाच राहिला. मग ती तिथे खडीत खाली बसली आणि उठेचना. मोरीआजीही तिच्याजवळ बसली. तिच्या स्वतःच्या बाळाचं लाळेरं त्याच ओळीत होतं, हे मला नंतर कळलं.

घरी आल्यावर दाराशी लसूण सोलत, माझ्याकडे न बघता आई बोलली. "बारकं माझ्यापाशीच व्हतं. वाकळंत गुंडाळून कुशीत निजवलं व्हतं. अंधारात वाकळ उचलली अन् पळाले. लिंबाखाली येऊन उघडून बघितलं, तर नुसती वाकळ." लसूण सोलणं चालूच होतं. "साखराबाई बोलली तवा माझी जीभ उचलली न्हाई. उद्या सांगते म्हणले. मग संघ्या आपोआप गप झाला, गाव बी गप झालं. आता कुठल्या तोंडानं सांगू?" दादा, मला तिचा इतका राग आला की दोन दिवस तिच्या हातचं जेवले नाही. नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर तिने ते ओझं राहू दिलं, आणि तू ते अजून वाहतो आहेस. तिसऱ्या दिवशी ती सांचीचं पांघरूण उचलून बघत होती, तेव्हा मी तिच्याजवळ जाऊन बसले. राग गेलेला नाही. पण बसले.

तिनेच मला म्हटलं, "तू लिही, मला त्याच्याम्होरं तोंड न्हाई." म्हणून लिहिते आहे. तिला माफ कर असं मी म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. ती हैदराबादला उतरेल तेव्हा घ्यायला यायचं की नाही, तेही तूच ठरव. मला फक्त तिचं एक वाक्य तुझ्यापर्यंत पोचवायचं आहे, कारण ते ऐकल्यापासून मला झोप नाही. मी तिला विचारलं, मग बारका तुझ्याजवळ होता, तर "लेकराला घे" असं दादाला का ओरडलीस? तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी अगदीच खुळ्यासारखं विचारलं. "बारक्याला मी बारकंच म्हणायचे," म्हणाली. "लेकरू म्हणजे तू." तुला ज्याला घ्यायला सांगितलं होतं, दादा, त्यालाच तू घेतलंस.

जिला तू बाहेर आणलंस ती,
तुझीच दिपाली