१७४ आणि डावा कान

३ मार्च, सकाळी ७
संकल्प: आजपासून रोज दोन तास प्रॅक्टिस. २२ तारखेला दुपारी चार वाजता डीजे म्हणून आपला सेट, तासभर गाण्याला गाणं जोडत वाजवायचं. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी पहिला. कार्यक्रम मेजरचा, म्हणजे शाळेपासूनच्या मित्राचा. ऑफिसात सांगितलेलं नाही, उगाच गर्दी व्हायची.
प्लॅन पक्का. मिनिटाला ८७ ठोक्यांचं संथ गाणं चालू असताना त्यावर १७४ चं ड्रम अँड बेस, म्हणजे ते धावत्या ड्रमचं नाचाचं संगीत, चढवायचं. बरोबर दुप्पट. ठोक्याला ठोका बसला की झालं.
उठल्यापासून डावा कान बंद. कालच्या आंघोळीचं पाणी असणार.

५ मार्च
बायकोने ओढत कानाच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. पाणी नाही, मळ नाही, म्हणे आतली नस बिघडली आहे. गोळ्या आजच सुरू करा, हेडफोन बंद, मोठा आवाज बंद. पहिले दोन आठवडे वाया घालवलेत तर ऐकू परत येण्याची आशा सोडा, असं तोंडावर सांगितलं. बाई तुसड्या आहेत.
दोन आठवडे म्हणजे १७ तारीख. सेट २२ ला. पाच दिवस इकडे तिकडे. डॉक्टर लोक मार्जिन ठेवूनच बोलतात.

६ मार्च
गोळ्यांसोबतचा कागद वाचला. हात थरथरू शकतात. ज्याचं सगळं काम बोटांवर, त्याने हे खायचं? २३ पासून नक्की सुरू. तोवर रोजची गोळी बेसिनमध्ये. पाकीट रिकामं होताना दिसलं की बायको खूश.

९ मार्च
ड्रम अँड बेस पळतं फार. 'आता' म्हणेपर्यंत ठोका पुढच्या गल्लीत. नवं गाणं आधी हेडफोनमध्ये डाव्या कानाने ऐकून जुळवायचं, ही माझी जुनी सवय. पण हेडफोनची डावी बाजू मेली आहे. उलटा घालून पाहिला. तरी डाव्या कानाला काही नाही. म्हणजे दोन्ही बाजू गेल्या. हल्ली वस्तू टिकतच नाहीत.

१३ मार्च
बायको पुटपुटायला लागली आहे. चारदा हाक मारली म्हणते. जेवताना मात्र उजवीकडे, अगदी खेटून बसते. सेटच्या निमित्ताने जवळीक वाढली.
दुपारी उजव्या कुशीवर पडलो तर सगळं घर गप्प. कानात नुसती शिट्टी. घाबरलो, खोटं कशाला लिहू. उठून प्रॅक्टिस केली.

१७ मार्च
दोन आठवडे पूर्ण. काहीही झालं नाही. कान होता तसाच आहे. याला स्थिर म्हणतात.
दहातले सात मिक्स जमले. पाच तरी नक्की.

२२ मार्च, संध्याकाळी ७
सेट झाला. संथ गाणं छान लागलं होतं, लोक डोलत होते. १७४ चढवलं. मला सगळं जुळलेलं वाटत होतं. डावीकडचा स्पीकर बंद वाटला म्हणून आवाज पूर्ण वाढवला. मेजर लांबून हात हलवत होता, मला वाटलं शाबासकी. मग त्याने येऊन माझा हात बाजूला सारला आणि गाणंच बंद केलं. म्हणाला, जिन्यावरून भांडी गडगडल्यासारखं वाजत होतं, तुला ऐकू येत नाही का?
हॉलमध्ये नऊ जण उरले होते. पब्लिक तयार नाही अजून.

२४ मार्च
काल गोळ्या राहिल्या. आज कानाची टेस्ट. आवाज आत येणार नाही अशी खोली, हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे टेस्टवाली मुलगी आणि बायको.
उजवा कान झकास. मग डावा. आवाज फार बारीक होते, पण लय लगेच पकडली. दीड सेकंदाला एक. एकही सोडला नाही. अठरा वेळा दाबलं. बायकोकडे बघून अंगठा दाखवला.
मुलगी आत आली, उजव्या बाजूला वाकून म्हणाली की काका, डाव्या कानात मी अजून आवाज सोडलेलाच नाही. तुमच्या मिसेस विचारत होत्या की एवढ्या गोळ्या घेऊनही फरक कसा नाही, त्यांच्याशी बोलत होते.
ती बाहेर गेली. आता सुरू करते म्हणाली होती.
मी बटणावर अंगठा ठेवून बसलो. बऱ्याच वेळाने तिने दार उघडलं आणि हेडफोन काढून घेतला.