माझी बरणी कापायची नाही

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. मोठे सिरॅमिक आर्टिस्ट आपली प्रोसेस लिहून ठेवतात असं ऐकलं. पुढेमागे कुणी माझ्यावर अभ्यास केला तर सोपं जाईल. तोवर ही वही कपाटात, शर्टांच्या खाली.
मागची खोली ताब्यात घेतली. चाक आणलं, मातीची पोती आली. हिची गणिताची शिकवणी आता स्वयंपाकघरात बसते. करार झाला आहे. मी नाव घातलंय त्या मातीकामाच्या स्टुडिओचं डिसेंबरात प्रदर्शन असतं, त्यात माझं एक तरी भांडं लागलं तर खोली कायमची माझी. नाही लागलं तर चाकासकट मी बाहेर. ही हसत म्हणाली, पण तारीख लिहून घेतली.

११ जानेवारी
स्टुडिओचा पहिला दिवस. शिकवणाऱ्या बाई वयाने माझ्या पुतणीएवढ्या, हात मात्र गवंड्यासारखे. दोन तास माती मळायला लावली. मी सांगून बघितलं की तेवीस वर्षं विमा कंपनीत माणसं सांभाळली आहेत. त्या म्हणाल्या, मळा.
कंबर धरली.

२ फेब्रुवारी
माती चाकाच्या मधोमध बसत नाही. चाक डगमगतं. बाई बसल्या तेव्हा डगमगलं नाही. चाकाला माणसाची सवय व्हावी लागत असेल.

१९ मार्च
पहिला वाडगा! फोटो काढायला मोबाईल शोधतोय तोवर बाईंनी तार घेतली आणि वाडगा उभा कापला. म्हणे इथली पद्धतच आहे. पहिलं वर्षभर इथे केलेलं प्रत्येक भांडं कापायचं आणि भिंत किती जाड, बूड किती जाड ते आतून बघायचं. माझा अर्धा वाडगा कलिंगडाच्या फोडीसारखा दिसत होता.
शेजारच्या चाकावर डेंटिस्टकाकू असतात. दवाखाना बंद करून इथे आल्या. त्या आपली भांडी आपणच कापतात, कुणी न सांगता. काही लोकांना निर्मितीचं मोल नसतं.

७ जून
ठराव: (१) रोज सकाळी सहाला चाकावर. (२) स्टुडिओत कमी, घरी जास्त. घरी तार नाही.

८ जून
सात चाळीसला उठलो. पाठ.

२३ ऑगस्ट
काकू एका किटलीच्या नळीवर महिनोन्महिने घासतायत. चहा ओतल्यावर शेवटचा थेंब खाली ओघळता कामा नये, एवढंच त्यांचं स्वप्न. माझा विचार मोठ्या आकारांकडे वळतो आहे.

२६ नोव्हेंबर
झालं! गुडघ्याएवढं उंच भांडं. नाव 'अंतर्नाद'. बायको त्याला बरणी म्हणते. झाकण कुठाय, असंही विचारलं.
मेहुण्याला आणि ऑफिसातल्या सगळ्यांना प्रदर्शनाचं आमंत्रण पाठवून दिलं.

१ डिसेंबर
'अंतर्नाद' रिक्षातून मांडीवर घेऊन स्टुडिओत नेला. बाईंनी उचलून पाहिला आणि म्हणाल्या, जड आहे, बूड जाड राहिलंय, कापून बघू. मी साफ नकार दिला. मग म्हणाल्या, कापायचं नसेल तर दोन आठवडे सुकू द्या. जाड बुडात ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि भांडं फुटतं.
दोन आठवडे! प्रदर्शनाआधीची शेवटची कच्ची भट्टी, म्हणजे रंग चढवण्याआधीची पहिली भाजणी, गुरुवारी आहे. बरणी परत घरी आणली.

३ डिसेंबर
हिचा हेअर ड्रायर. सहा तास. मग ड्रायरमधून धूर. 'अंतर्नाद' मात्र बाहेरून पांढराशुभ्र. हिला ड्रायरबद्दल योग्य वेळी सांगेन.

४ डिसेंबर, सकाळी
भट्टी भरली. इथला नियम असा की आपलं भांडं आपणच गालाला लावून बघायचं. गार लागलं तर आत ओल आहे. मग भट्टीच्या वहीत 'सुकलं आहे' लिहून सही करायची. बाई कुणाचं तपासत नाहीत, विश्वास ठेवतात.
बूड थोडं गार लागलं. पण सकाळची हवाच गार होती. सही केली. शेजारी काकूंची किटली ठेवली. तिलाही मोठ्या कामाची सोबत.

४ डिसेंबर, दुपारी
भट्टी लावून दीडेक तास झाला असेल, आतून ढब्ब आवाज आला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी भट्टीकडे बघत राहिलो. उद्या गार होईपर्यंत उघडता येणार नाही. किटली असणार. नळीत काहीतरी राहिलं असेल.

५ डिसेंबर
किटली नव्हती.
'अंतर्नाद' बुडातून फुटला. बूड माझ्या दोन बोटांएवढं जाड. त्याचे तुकडे सगळ्या भट्टीभर उडाले. काकूंच्या किटलीची नळी मुळापासून तुटली. त्यांनी ती उचलून तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "दात असता तर बसवून दिला असता." मग बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.
बाईंनी तुकडे गोळा केले. वही टेबलावर उघडीच होती. माझी सही फार वळणदार आली आहे.
लाज वाटली. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

२० डिसेंबर
प्रदर्शनाला गेलो नाही. सर्दी. ही जाऊन आली. काकूंनी गेल्या वर्षीचे वाडगे मांडले होते म्हणे. मेहुणा तासभर माझी बरणी शोधत होता.

२७ डिसेंबर
मागची खोली रिकामी केली. हिने कराराचं नाव काढलं नाही. फरशी पुसताना एवढंच विचारलं, "काकूंना भेटलास का?"
नाही भेटलो. रिक्षाच मिळत नाही त्या बाजूला.

२८ डिसेंबर
रिक्षा मिळते.

३ जानेवारी
स्टुडिओत गेलो. काकू नवी नळी करत होत्या. मी सांगितलं की बूड ओलं होतं आणि ते मला सही करतानाच माहीत होतं. त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, मलाही माहीत होतं, मी गालाला लावली होती तुमची बरणी, पण तुमचा चेहरा बघून बोलवेना. मग पायाने शेजारचं स्टूल पुढे सरकवलं.
वाडगा केला. तार मागून घेतली आणि स्वतः कापला. बाई मागे उभ्या होत्या.
"जाड आहे," मी म्हणालो.
"हं. आता तुम्हाला शिकवता येईल," बाई म्हणाल्या, आणि दुसरा गोळा दिला.
संध्याकाळपर्यंत पाच वाडगे केले, पाच कापले. पाचही जाड. काकू म्हणतात, पाचवा जरा कमी.