वासाचा मानकरी

बेट-खडका,
ता. ३ ऑक्टोबर १९८५

ती. धुरपताआक्कास,
धाकट्या बन्सीधरचा शि. सा. न. वि. वि.

या बेटावर न्याय उरलेला नाही. काल सरपंचांच्या घरी मुंजाजीला चहा कपबशीत आला, मला नुसत्या कपात. बोटं पोळली, पण तक्रार कुणाकडे करायची?

गोदागंगेच्या दोन धारांत आपलं गाव. विजेचे खांब पाण्यात टिकेनात, म्हणून सरकारनं सामुदायिक गोबरगॅस दिला. कामाला दोघं. चावी सोडणं, रजिस्टर लिहिणं माझ्याकडे. शेण कालवणं आपल्या चुलतभावाकडे, मुंजाजीकडे. मी सातवी पास, तो अंगठाबहाद्दर. तरी चूल पेटली की बाया नाव घेतात त्याचं! तो हौदावर वाकतो, वास घेतो आणि पाणी किती घालायचं ते सांगतो. जणू हैदराबादचा अत्तरवालाच!

वीस तारखेला तपासणीचे साहेब येणार. दोघांतला एकच कायम होणार. मीही तयारीत आहे. परभणीहून फिनाईल आणलंय. साहेबांना घाण वास नको. मुंजाजी म्हणतो, हौदात काही टाकायचं तर त्याला विचारावं. शेणवाल्याला मी विचारू? तो घरी गेला की रोज अर्धी बाटली ओततो.

तुझा,
बन्सीधर

पेडगाव,
ता. ९ ऑक्टोबर १९८५

चि. बन्सीधरास आक्काचे अनेक आशीर्वाद.

मी सांगायलेय, सून लिहायलीय. तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं; दुसऱ्यांदा नुसतं हसायला. पोळ्याला मुंजाजीच्या बैलाची शिंगं लांब म्हणून तू आपल्या बैलाला डोळे झाकेस्तोवर बेगड लावली होतीस. अजून तसाच हाईस.

दीड एकरात तुझं भागत न्हाई, कायमची नोकरी पाहिजे, हे मला कळतं. पण त्याची बायको सरजाबाई वर्षभर अंथरुणावर हाय, त्यालाबी पाहिजेच की. आणि बाबा, फिनाईलनं किडे मरतात. त्या हौदात काय जितं असतं ते मला ठावं न्हाई, मुंजाजीला असेल. विचारलं तर तुझी जीभ झिजंल का?

तुझी,
आक्का

बेट-खडका,
ता. ४ नोव्हेंबर १९८५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वेळेवर आलं होतं. तरी मी उरलेल्या बाटल्या हौदात ओतून संपवल्या.

तपासणीच्या दिवशी चावी सोडली. साहेबांनी सहा काड्या ओढल्या. बत्ती पेटली नाही. ते शेणवाल्यावर घसरले, उद्यापासून येऊ नको म्हणाले. मुंजाजीनं हौदाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि साहेबांना माझं नाव न सांगता घमेलं उचलून निघाला. मी साहेबांपुढं रजिस्टर धरलं. कायमच्या कागदावर माझं नाव चढलं. मनातून किती हरखलो, ते तुलाच सांगतो.

तेव्हापासून बाया लाकडाच्या धुरानं डोळे चोळायल्यात. आणि कामावरून काढलेला माणूस रोज सकाळी येऊन हौद उपसतो, ताजं शेण भरतो. पगार मिळणार नाही, असं मी बजावलं. तर म्हणाला, गॅसला पगारातलं काय कळतं. इतकं शहाणं बोलणंही त्यालाच सुचावं! लय जळलो, आक्का.

काल शेजारच्या कमलबाईच्या चुलीवर निळी ज्योत आली.

आज नावेनं पलीकडे गेलो, कचेरीत. फिनाईल कुणी ओतलं ते लिहून दिलं, सही केली, कायमच्या कागदावर मुंजाजीचं नाव घालायला सांगितलं. मग तुमचं काय, असं कारकुनानं विचारलं. शेण कालवायला माणूस लागेलच ना, असं मी विचारलं. परत येताना मुंजाजी घाटावर भेटला; कुठं गेला होतास म्हणाला. नवं रजिस्टर आणायला, म्हणून सांगितलं.

माझ्यावर माया आहे तेवढी राहू दे. वाढली तर मुंजाजीला कळवू नकोस.

तुझा,
बन्सीधर