व्हिनेगरचा आकडा

१४ एप्रिल

अहवालांचा गठ्ठा संपवला एकदाचा. सगळ्यांच्या प्रयोगात निघालेलं तांबं अगदी पुस्तकात दिलंय तितकंच! कुणाचं काही सांडलं नाही, कुणाचा तराजू हलला नाही. प्रयोगाच्या दिवशी अर्धा वर्ग खिडकीशी उभा राहून गप्पा छाटत होता, तो मी या डोळ्यांनी पाहिलाय.

ऑगस्टपासून घसा कोरडा करते आहे – बरोबर उत्तर मला माहीत आहे, मला तुमच्या हातून काय आलं ते लिहा. वेगळं आलं तर का आलं ते सांगा, गुण त्याचेच आहेत. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे!

१७ एप्रिल

प्रेबेनने ऑफिसात बोलावलं. मुख्याध्यापक झाल्यापासून त्याची कॉफी आणखी पांचट झाली आहे.

"बोडिल, तुझ्या नव्या पद्धतीला एक वर्ष दिलंय मी. जूनमध्ये रसायनाची सरासरी घसरली, की पुन्हा जुनं सुरू. मुलं पलीकडच्या गावच्या शाळेत जायला लागली तर तू आणि मी दोघं घरी बसू."

घरी बसायची मला भीती नाही. उलट बरं वाटेल. पण तीस वर्षं पोपटपंची ऐकल्यावर एक तरी बॅच स्वतः मोजणारी बघावी, एवढीच इच्छा आहे.

२ मे

तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाचा तास. बाकीचे दप्तर भरून तयार, आणि रूना अजून फ्लास्क विसळते आहे.

"आटप गं, बस चुकेल तुझी."

"थांब ना बोडिल, गुलाबी फार गडद झालं. परत करते."

मागून कुणीतरी – "रूनाचं उत्तर येईपर्यंत आमची पोरं या शाळेत येतील!" सगळे हसले. तीही हसली, पण ब्युरेटची नळी सोडली नाही.

बसपर्यंत तिच्याबरोबर चालत गेले. तिची एकूण सरासरी काठावर आहे. रसायनात बारापैकी सात मिळाले तर ओडेन्सच्या विद्यापीठात फार्मसी, नाहीतर आईच्या बेकरीत पहाटेचे पाव. "बेकरी वाईट नाही," म्हणाली, "पण मला तिथे नाही राहायचं."

१९ जून

प्रश्नांच्या चिठ्ठ्या कापल्या. कॅनमधून व्हिनेगरच्या बाटल्या भरल्या. परीक्षेच्या टेबलाच्या हिरव्या कापडाला इस्त्री केली. पाय भयंकर दुखताहेत.

२० जून

संपली परीक्षा.

बाहेरचा परीक्षक स्कीव्हहून आलेला एगोन. सभ्य गृहस्थ, पण सारखं घड्याळाकडे लक्ष. सकाळी सगळे प्रयोगशाळेत. रूनाला आणि आणखी चौघांना व्हिनेगरची चिठ्ठी आली – टायट्रेशन करून त्यात आम्ल किती टक्के ते काढा. चौघांचं झटपट झालं. ४.९, ५, ५.१, पुन्हा ५. बाटलीवर पाच टक्के लिहिलेलंच आहे. जवळ जाऊन बघायला हवं होतं, पण मी स्टुलावरून उठले नाही.

रूनाने तीनदा केलं. त्यात चिठ्ठीतला पुढचा प्रश्न राहूनच गेला.

दुपारी तोंडी परीक्षेला एकेक जण हिरव्या टेबलापाशी. चौघं घडाघडा बोलले. मग रूना.

"तुझं ३.४ आलंय," एगोन म्हणाला. "बाटलीवर पाच आहे. कुठे चुकलीस?"

"शोधलं. सापडलं नाही."

"काहीतरी चुकलं असणारच ना."

"मग बाटलीवरचं चुकलं असेल."

एगोन हसला. आणि मी – मी डोळे मिटून घेतले. बाई गं, कशाला अशी बोलतेस, असं झालं मला.

ती बाहेर गेल्यावर तो म्हणाला, "दोन." जेमतेम पास! मी सात म्हणणार होते. मतं जुळली नाहीत तर मधला आकडा धरतात, तिला चार तरी मिळाले असते. पण वाद घालायचं त्राणच नव्हतं. बाहेर अजून तिघं थांबले होते. "बरं, दोन," म्हणाले.

तिला आत बोलावून मीच सांगितलं. तिने मान हलवली. दाराबाहेर तिची आई शाळा संपल्याची पांढरी टोपी आणि कागदी झेंडे घेऊन उभी होती. शेवटची परीक्षा ना! आईने टोपी घातली, मिठी मारली आणि मगच विचारलं – "किती गं?" मी दार लावून घेतलं.

२४ जून

प्रेबेन खूश! रसायनाची सरासरी कधी नव्हे इतकी वर. त्या चौघांपैकी तिघांना तर बारा, म्हणजे पैकीच्या पैकी. "तुझी पद्धत कायम," म्हणाला. ऑगस्टमध्ये मी इतर शाळांच्या शिक्षकांपुढे बोलायचंय.

आनंद व्हायला हवा. झोप येतेय नुसती.

२५ जून

प्रयोगशाळा आवरत होते. उरलेलं व्हिनेगर ओतून देण्याआधी सहज ब्युरेट लावलं. ३.४. पुन्हा केलं. ३.४. आणि मग आठवलं – ईस्टरआधी पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी मीच त्या कॅनमध्ये पाणी घातलं होतं.

म्हणजे पाच कुणालाच आलं नव्हतं.

प्रेबेनला सांगितलं. त्याने कॉफीचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ऑगस्टमधलं तुझं बोलणं आता रद्द."

रूनाला फोन केला. म्हटलं, निकालाविरुद्ध तक्रार कर, माझी चूक मी लिहून देते.

"म्हणजे ३.४ च होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मला वाटलं, मला मोजता येत नाही," म्हणाली, आणि रडायला लागली.