पुलीवरचा चुना

मंगळवार, पिंपरी पेंढार

चढाला गाडीचं इंजिन आजही ठकठकलंच. उद्या भंगारवाला येणार. वडिलांनी, म्हणजे तात्यांनी, त्याला शब्द दिलाय. मी नेऊ देईन होय? इंजिनातली ठिणगी वेळेआधी पडतेय; उतावळ्या विद्यार्थ्यासारखी प्रश्न संपण्याआधीच उत्तर देतेय, एवढंच.

इंजिनाच्या पुलीवरची, ठिणगीची वेळ दाखवणारी खूण दिसेना. तात्यांच्या डबीतला चुना तिच्यावर फासला.

“आरं, माजा चुना गाडीला चारतो व्हय?”

“तिलाही तलफ येते, तात्या.”

इंजिन चालू करून ठिणगीसरशी लुकलुकणारी टायमिंग लाइट खुणेवर धरली, ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवत गेलो. चौथ्यांदा पांढरी रेघ नेमकी जागेवर थांबली. तात्यांना शेजारी बसवून पुन्हा तोच चढ. इंजिन एकदाही ठकठकलं नाही.

वर पोचल्यावर तात्या रिकामी डबी हलवत म्हणाले, “भंगारवाल्याला न्हाई म्हनून कळव. आन् गाडी जुन्नरला घे, चुना संपलाय.”